युरोपात विमान बदलताना: पासपोर्ट कुठे दाखवायचा, बॅग कुठे तपासली जाते

मुंबईहून रोमला निघालात आणि विमान ॲमस्टरडॅमला बदलायचं असेल, तर तुमचा पासपोर्ट ॲमस्टरडॅमला तपासला जातो आणि चेक-इन केलेली बॅग रोमला. एवढं पक्कं बसलं की निम्मा घोळ मिटतो. इमिग्रेशन आणि कस्टम्स म्हणजे एकाच दाराची दोन नावं, असं आपण धरून चालतो. दारं दोन आहेत, आणि युरोपात ती बऱ्याचदा दोन वेगळ्या शहरांत असतात.

माणसाची वेस शेंगेनची, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटाची; सामानाची वेस युरोपियन युनियनची. शेंगेनमध्ये २९ देश आहेत: युनियनमधले २५, शिवाय स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये आहेत, शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. बल्गेरिया आणि रोमानिया विमानप्रवासापुरते ३१ मार्च २०२४ पासून शेंगेनमध्ये आले, त्यामुळे त्याआधी छापलेल्या गाइडबुकातला नकाशा वापरू नका.

आता हे दोन नकाशे एकावर एक ठेवून पाहा. मुंबई–झुरिक–पॅरिस असा प्रवास असेल, तर पासपोर्टवरचा प्रवेश झुरिकला होतो. पण झुरिक युनियनच्या कस्टम्स हद्दीबाहेर आहे, त्यामुळे पॅरिसला उतरल्यावर कस्टम्सच्या लेखी तुम्ही बाहेरूनच आलेले असता. मुंबई–ॲमस्टरडॅम–डब्लिनमध्ये उलटा प्रकार. ॲमस्टरडॅमला शेंगेनमध्ये शिरायचंच नसतं, तुम्ही बिगर-शेंगेन भागातच थांबता आणि पासपोर्ट डब्लिनला दाखवता. आणि मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क एका तिकिटावर असेल, तर फ्रँकफर्टला ना इमिग्रेशन, ना कस्टम्स. फक्त सुरक्षा तपासणी.

तिकीट काढण्याआधी व्हिसाचं गणित

विमान बदलताना इमिग्रेशन ओलांडावं लागत नसेल, तर शेंगेन व्हिसा लागत नाही, हा मूळ नियम. तो तीन ठिकाणी फसतो.

पहिलं म्हणजे वाटेत शेंगेनचे दोन थांबे. मुंबई–म्युनिक–लिस्बन–बोस्टन हे तिकीट स्वस्त दिसतं, पण म्युनिक ते लिस्बन हा शेंगेनच्या आतला प्रवास आहे. म्युनिकला तुम्हाला रीतसर शेंगेनमध्ये शिरावं लागेल आणि लिस्बनला बाहेर पडावं लागेल. त्यासाठी नेहमीचा सी प्रकारचा शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा व्हिसा किंवा विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा इथे उपयोगाचा नाही.

दुसरं, वेगवेगळी दोन तिकिटं. मुंबई–पॅरिस एका बुकिंगवर आणि पॅरिस–टोरांटो दुसऱ्यावर असेल, तर बॅग बहुधा पॅरिसच्या बेल्टवरच येते. ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर या, कस्टम्समधून जा, पुन्हा चेक-इन करा. व्हिसा नसेल तर बॅग पलीकडे आणि तुम्ही अलीकडे, मधला दरवाजा बंद. त्याआधी मुंबईतच काउंटरवर अडवलं जाण्याची शक्यता जास्त.

तिसरं, विमानतळच बदलणं. पॅरिसला शार्ल द गॉल ते ऑर्ली, मिलानला माल्पेन्सा ते लिनाते. तिकिटावर शहराचं नाव तेच दिसतं, तीन अक्षरी कोड मात्र वेगळा असतो. कोड वाचा.

विमानतळापुरत्या ट्रान्झिट व्हिसाचा, म्हणजे ए प्रकारचा, मामला देशागणिक बदलतो. सगळ्या शेंगेन देशांनी मिळून ठरवलेल्या यादीत पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका वगैरे १२ देश आहेत; भारत नाही. पण प्रत्येक देशाला स्वतःची जादा नावं घालण्याची मुभा आहे, आणि जर्मनी-फ्रान्ससारख्या देशांनी वर्षानुवर्षे भारतीय पासपोर्टचा त्यात समावेश केलेला होता. या याद्या बदलत असतात. म्हणून मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीच्या वेबसाइटवर पाहा.

सूटही आहे. वैध शेंगेन व्हिसा असेल, किंवा अमेरिका, कॅनडा, जपान यांचा वैध व्हिसा घेऊन तिकडे निघाला असाल, तर ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्ड चालतं. अमेरिकेत नोकरी करणारे पुष्कळ मराठी लोक अडकतात ते परतीला: पासपोर्टवरचा एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा शिक्का संपलेला, हातात आय-७९७ मंजुरीचा कागद. तो कागद अमेरिकेत राहायला पुरतो, पण तो व्हिसाही नाही आणि या कामापुरता निवासाचा परवानाही नाही. सुट्टीला घरी येताना याच कारणाने बोर्डिंग नाकारलं जातं.

लंडनचं शास्त्र वेगळं. हिथ्रोवर आतल्या आत विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असेल तर सूट मिळते. शेंगेनचा पर्यटक व्हिसा या सवलतीत बसत नाही. मुंबई–लंडन–पॅरिस हे तिकीट शेंगेन व्हिसावर काढणारे इथेच चुकतात.

व्हिसाचा स्टिकर मिळाला की तीन गोष्टी तपासा: तारखा, किती दिवस आणि किती वेळा प्रवेश. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, असे दोन्ही दिवस मुक्कामात धरले जातात. प्रवेश एकदाच असेल आणि मध्ये दोन दिवस लंडनला जाऊन यायचा बेत असेल, तर पॅरिसहून लंडनला निघताना तो प्रवेश संपला. परत ॲमस्टरडॅमला उतरता येणार नाही. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला आणि शेंगेनमधून निघाल्यानंतर किमान ३ महिने चालणारा हवा. इटलीने दिलेल्या व्हिसावर ॲमस्टरडॅमला उतरलं तर चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. चालतं. व्हिसा मुख्य मुक्कामाच्या देशाचा हवा, पहिल्या विमानतळाच्या देशाचा नव्हे. फक्त इटलीतलं हॉटेल बुकिंग हाताशी ठेवा.

मुंबईच्या काउंटरवर

बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधी टॅग वाचा. त्यावर शेवटच्या विमानतळाचा कोड असला पाहिजे, रोमसाठी एफसीओ, आणि मधल्या विमानतळाचा कोड त्याच्या जोडीला. फक्त मधलाच कोड दिसला तर तिथल्या तिथे विचारा. पावतीचा तुकडा जपून ठेवा, तो मोबाइलच्या कव्हरमागे चिकटवला की हरवत नाही. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मागा. दुसरा मिळाला नाही तर तो ट्रान्सफर डेस्कवर घ्यावा लागतो आणि त्यात १५-२० मिनिटं सहज जातात.

आई-वडील एकटे अमेरिकेला जाणार असतील, तर व्हीलचेअर किमान ४८ तास आधी सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा. खुर्ची ढकलणारा माणूसच सुरक्षा तपासणीतून आणि योग्य गेटपर्यंत घेऊन जातो, आणि भाषेचा प्रश्न उरत नाही. फ्लाइट नंबर, शेवटचं शहर, घेणाऱ्याचा फोन आणि चालू औषधांची नावं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या पासपोर्टात ठेवा.

शेंगेन व्हिसा नसलेल्याने एक रात्र विमानतळावर काढायची तयारी केबिन बॅगेत ठेवावी. विमान चुकलं आणि कंपनीने हॉटेल दिलं, तरी ते शहरात असेल तर व्हिसाशिवाय तिथे जाता येत नाही. दोन दिवसांची औषधं, एक जोडी कपडे, चार्जर आणि युरोपातल्या गोल दोन पिनांचा प्लग एवढं पुरे.

उतरल्यावर

विमानातून बाहेर पडलात की दोन पाट्या दिसतात: सामान घेऊन बाहेर जाण्याची आणि ट्रान्सफरची. ट्रान्सफरचीच धरा. हिथ्रोवर ती जांभळी असते, ॲमस्टरडॅमला पाट्या पिवळ्या. गर्दी ज्या दिशेला चालली आहे तिकडे चालत जाऊ नका, त्यातले अर्धे घरी चाललेले असतात.

मग स्क्रीनवर गेट पाहा, कारण गेटचं अक्षरच सांगतं की मध्ये पासपोर्ट काउंटर आहे की नाही. ॲमस्टरडॅमच्या स्किपोलवर बी आणि सी ही शेंगेनची गेटं, ई, एफ, जी बिगर-शेंगेनची, आणि डी दोन मजल्यांत वाटलेलं. मुंबईचं विमान बिगर-शेंगेन बाजूला लागतं. पुढचं गेट सी असेल तर इमिग्रेशन मध्ये आलंच. एफ असेल तर नाही. शार्ल द गॉलला २ई मधले के, एल, एम हॉल बिगर-शेंगेनचे आणि २एफ शेंगेनचं. झुरिकला ई गेटं धावपट्ट्यांच्या पलीकडच्या इमारतीत आहेत, तिथून भुयारी रेल्वेने मुख्य इमारतीत यावं लागतं.

भारतातून आलेल्या प्रवाशाची सुरक्षा तपासणी युरोपात पुन्हा होते, कारण भारतीय विमानतळांवरची तपासणी युनियनने आपल्या बरोबरीची म्हणून मान्य केलेल्या यादीत नाही. आधी सुरक्षा की आधी पासपोर्ट, हा क्रम विमानतळागणिक बदलतो. पातळ पदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांत आणि सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे ही अट सैल झाली आहे, पण शेजारच्या रांगेत जुनं यंत्र असू शकतं, तेव्हा भरवसा ठेवू नका. लोणचं, चटणी, मोरांबा हे सगळं त्यांच्या लेखी पातळच. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली बाटली लाल किनारीच्या सीलबंद पिशवीत, पावती आत दिसेल अशी हवी. ती पिशवी विमानात कुतूहलाने उघडली की पुढच्या तपासणीत बाटली गेली.

पासपोर्टच्या रांगा दोन असतात. ईयू लिहिलेली त्यांची, ‘ऑल पासपोर्ट्स’ आपली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १० एप्रिल २०२६ ही ती पूर्ण लागू होण्याची तारीख. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी तुमचा प्रवेश आणि निर्गमन संगणकात नोंदलं जातं. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात. व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे त्यांच्याकडे असतातच, ते फक्त जुळवून पाहतात. त्यासाठी बोटं कोरडी आणि स्वच्छ ठेवा. हातावर ताजी मेंदी असेल तर वेळ लागू शकतो. शेंगेनचा निवासपरवाना किंवा लाँग-स्टे व्हिसा असेल, तर तुमची नोंद ईईएसमध्ये होत नाही. आणि इमिग्रेशन न ओलांडता पुढच्या विमानात बसणाऱ्यांचीही नाही.

अधिकारी चारच प्रश्न विचारतो: कुठे चाललात, किती दिवस, कुणाकडे, परत कधी. उत्तरं तेवढीच द्या. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग किंवा यजमानाचं पत्र, ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि बँकेचं कार्ड एका प्लॅस्टिक फोल्डरमध्ये ठेवा. फोन दाखवून चालतं, पण बॅटरी नेमकी तिथेच संपते. सगळं कुटुंब एकत्र काउंटरवर जाऊ शकतं.

वेळ किती ठेवावा? इमिग्रेशन ओलांडायचं असेल तर दोन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. पहाटे ५ ते ८ मध्ये उतरत असाल तर अडीच, कारण भारत, आखात आणि अमेरिकेकडची विमानं त्याच वेळी येतात. आतल्या आत बदलायचं असेल तर दीड तास पुरतो. रांगेत असतानाच बोर्डिंग सुरू झालं, तर गप्प उभे राहू नका. मोठ्या विमानतळांवर कमी वेळ उरलेल्यांसाठी ‘शॉर्ट कनेक्शन’ रांग असते. तिथल्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पासवरची वेळ दाखवा. तरी चुकलंच, आणि बुकिंग एक असेल, तर ट्रान्सफर डेस्क पुढच्या विमानात बसवून देतं. दोन बुकिंग असतील तर दुसऱ्या कंपनीला तुमची पहिली फ्लाइट माहीतच नसते.

बॅग आणि तिच्यातला खाऊ

शेवटच्या विमानतळावर बेल्टवरून बॅग घेतली की बाहेर पडायचे मार्ग दिसतात: जाहीर करण्यासारखं काही नसेल तर हिरवा, असेल तर लाल, आणि युनियनच्या आतून आलेल्यांसाठी निळा. तुम्ही ॲमस्टरडॅमहून आलात, म्हणून निळ्यातून जावंसं वाटेल. जाऊ नका. युनियनच्या आत प्रवास सुरू झालेल्या बॅगांच्या टॅगला दोन्ही कडांना हिरवी पट्टी असते. मुंबईत लावलेला टॅग पांढराच असतो. कस्टम्सवाला लांबूनही तेवढं ओळखतो. केबिन बॅगेची तपासणी मात्र नियमाने पहिल्या युनियन विमानतळावर होते. सहसा कुणी थांबवत नाही, पण जाहीर करण्यासारखं काही हातात असेल तर तिथेच सांगायचं. १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर लेखी जाहीर करावीच लागते, आणि या रोखीत सोन्याची नाणी आणि बिस्किटंही मोजतात. अंगावरचे वापरातले दागिने वेगळे; भारी असतील तर बिलांचे फोटो फोनमध्ये असू द्या.

भेटवस्तूंची करमुक्त मर्यादा विमानाने येणाऱ्याला ४३० युरो. ४५० युरोंची एकच वस्तू असेल तर कर वरच्या २० युरोंवर नाही, पूर्ण ४५० वर लागतो. दारू एक लिटर कडक, किंवा २२ टक्क्यांपर्यंतची दोन लिटर, सिगारेटी २००. १७ वर्षांखालच्यांना दोन्ही नाही. प्रवास स्वित्झर्लंडला संपत असेल तर तिथली मर्यादा वेगळी: १ जानेवारी २०२५ पासून १५० फ्रँक.

खाण्याचा नियम कडक आहे आणि तो आपल्या सवयींना नेमका उलटा बसतो. बाहेरून येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बंद, एक डबाही नाही. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, श्रीखंड, पनीर, दूध पावडर सगळं गेलं. घरी कढवलेलं आहे, थोडंच आहे, ही सबब चालत नाही. कारण जनावरांच्या रोगांचं आहे, प्रमाणाचं नाही. बाळाची ब्रँडेड, सीलबंद दुधाची पावडर २ किलोपर्यंत चालते. मध २ किलो. मासळीला मात्र मोकळीक आहे: सुके बोंबील, सुकट, जवळा हे माणशी २० किलोपर्यंत नेता येतं. तुपाची बरणी जप्त आणि बोंबील पास, हे बघून पुष्कळांना हसू येतं. फक्त वासासाठी एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधा.

ताजी फळं, भाज्या, पानं, फुलं यांना १४ डिसेंबर २०१९ पासून वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. अपवाद पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियन. मे महिन्यातली हापूसची पेटी, ताजा कढीपत्ता, आळूची पानं, पूजेची फुलं दाखल्याशिवाय नाहीत. पेरायचं बी पण नाही. आंबा त्यांच्या डोळ्यांवर आहे ते फळमाशीमुळे. मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयातच युनियनने थांबवली होती आणि ती पुढच्या वर्षी उठली. चिवडा, चकली, बाकरवडी, पापड, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, तेलातलं लोणचं बिनधास्त न्या, पण चेक-इन बॅगेत. घरगुती पुड्यांवर काय आहे ते इंग्रजीत लिहा. पांढऱ्या पिठाची बिननावाची पुडी उघडायला लागली की अर्धा तास गेला.

शंका असली तर लाल मार्ग. तिथे विचारून टाकून दिलेल्या वस्तूचा दंड होत नाही. हिरव्यातून जाताना सापडलेल्याचा होऊ शकतो.

परतीच्या वाटेवर

रोम–म्युनिक–मुंबई असेल तर शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद म्युनिकला होते, रोमला नाही. म्युनिकच्या पासपोर्ट रांगेसाठी पुन्हा वेळ धरा. आणि मुक्कामाचा शेवटचा दिवस मोजताना म्युनिकहून निघण्याची तारीख घ्या. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर हा एक दिवस व्हिसा ओलांडायला पुरतो.

खरेदीवरचा व्हॅट परत घ्यायचा असेल, तर दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या. एका दुकानातली खरेदी जर्मनीत ५० युरोंच्या वर, इटलीत ७० च्या वर, फ्रान्समध्ये १०० च्या वर हवी. वस्तू न वापरलेली, आणि खरेदीचा महिना सोडून तीन महिन्यांच्या आत युनियनबाहेर गेली पाहिजे. फॉर्मवर कस्टम्सची मोहोर युनियनच्या शेवटच्या विमानतळावर लागते, पण त्यात मेख अशी की वस्तू चेक-इन बॅगेत असेल तर ती बॅग रोमलाच हातातून जाते. म्हणून चेक-इनच्या आधी रोमला कस्टम्सकडे जा, वस्तू दाखवा, मग बॅग द्या. घड्याळ किंवा पर्स केबिन बॅगेत असेल तर तिची मोहोर म्युनिकला. फ्रान्समध्ये पाब्लो नावाची यंत्रं आहेत. बारकोड धरला आणि पडदा हिरवा झाला की काम झालं.

आणि परतीचं तिकीट रोम–झुरिक–मुंबई असेल, तर केबिन बॅगेतल्या वस्तूंचीही मोहोर रोमलाच घ्या. पासपोर्टवाला तुम्हाला झुरिकला बाहेर काढतो, पण कस्टम्सच्या हिशोबाने तुम्ही युनियन रोमलाच सोडलेली असते, आणि झुरिकला त्या फॉर्मवर मोहोर मारणारं कुणी नसतं.